गाणं कुणाचं, ते आधी

मागच्या हिवाळ्यात इथे व्हँकुव्हरमध्ये एका छोट्याशा कार्यक्रमाला गेले होते. बाहेर नेहमीचा तो न थांबणारा पाऊस, हॉलमध्ये ओल्या जॅकेटांचा आणि हीटरचा मिळून येणारा वास, मागच्या टेबलावर कॉफी. क्वाक्वाक्यवाक्व या इथल्या किनाऱ्यावरच्या मूळ रहिवासी समाजातला एक तरुण गायक येणार होता. तो आला, उभा राहिला आणि बोलायला लागला. हे गाणं माझ्या आजोबांच्या घराचं आहे, त्या घरात ते माझ्या पणजीच्या लग्नात आलं, त्याआधी ते दुसऱ्या गावच्या एका मुखियाचं होतं, अमुक प्रसंगी ते म्हटलं जातं, आज इथे परक्या लोकांसमोर म्हणू का असं मी माझ्या मावशीला विचारलं, ती हो म्हणाली म्हणून म्हणतोय. मग परत एकदा सगळ्यांची नावं. शेजारचा माणूस घड्याळ बघायला लागला होता. शेवटी तो म्हणाला, फोन खाली ठेवा प्लीज, हे रेकॉर्ड करायचं नाहीये, आणि गायला. गाणं त्या सगळ्या बोलण्याच्या निम्म्यातही संपलं असेल.

गाडी चालवत घरी येताना डोक्यात गाणं नव्हतंच, ती नावांची यादीच फिरत होती. आणि एक गोष्ट खटकत होती, कारण मी गेले होते ते वेगळंच काही वाचून. या लोकांची गाणी जवळजवळ संपलीच होती, कुणीतरी वेळेवर मशीन घेऊन पोचलं, रेकॉर्ड केली म्हणून वाचली, असं मी वाचलं होतं. मग ज्याची गाणी रेकॉर्डिंगमुळे वाचली तोच माणूस फोन बंद करा का म्हणतो?

मला हा प्रश्न सोडवेना, कारण मी स्वतः गाणं शिकले ते मिरजेत, आणि आमच्या गुरुजींसमोर टेपरेकॉर्डर काढायची कुणाची टाप नव्हती. ते सांगायचे, जुने खाँसाहेब बंदिशी जिवापाड जपायचे, समोर परका गवई बसलेला दिसला की अंतरा मुद्दाम अस्पष्ट म्हणायचे, आणि मुलीच्या लग्नात जावयाला बंदिशी द्यायचे, दागिने द्यावेत तशा. तेव्हा आम्हा पोरींना हा शुद्ध कंजूषपणा वाटायचा. भातखंडे गावोगाव फिरले, उस्तादांच्या मिनतवाऱ्या केल्या, बंदिशी लिहून काढल्या, छापल्या, म्हणून आज कुणीही पुस्तक उघडून शिकू शकतो, आमच्या लेखी भातखंडे हिरो आणि खाँसाहेब आडमुठे. पण कोपऱ्यात बसून ऐकताना मला हेही कळायचं की गुरुजींनी समोर बसवून दिलेली बंदिश आणि पुस्तकातून उचललेली बंदिश यांची चव वेगळी असते, आणि ही चव नुसती सुरांची नव्हती. पॅसिफिकच्या या किनाऱ्यावर, इतक्या लांब, लग्नात सासऱ्याकडून जावयाकडे जाणारी गाणी आहेत हे कळलं तेव्हा मी खरोखर उठून बसले. तिथे हे ऐकीव किस्स्यांचं काम नाही, तो रीतसर व्यवहार आहे. मुलीच्या बाजूकडून गाणी, नाच, मुखवटे, नावं हे सगळं चारचौघांत, साक्षीदारांसमोर, जावयाला मिळतं आणि पुढे नातवंडांकडे जातं. हे देणंघेणं जिथे जाहीर होतं तो समारंभ म्हणजे पॉटलॅच. बोलावलेले पाहुणे साक्षीदार असतात, आणि साक्षीदार झाल्याबद्दल त्यांना भेटी मिळतात. म्हणजे गाणं कुणाचं याची नोंद कुठल्या कचेरीत नाही, हजर असलेल्या माणसांच्या डोक्यात.

आणि कॅनडाच्या सरकारने नेमक्या याच गोष्टीवर बंदी घातली. १८८४ मध्ये इंडियन ॲक्टमध्ये, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांसाठीच्या कायद्यात, दुरुस्ती झाली, पुढच्या वर्षापासून पॉटलॅच हा गुन्हा ठरला, आणि तो गुन्हा १९५१ पर्यंत कायद्याच्या पुस्तकात राहिला. सदुसष्ट वर्षं म्हणजे आजोबा, मुलगा, नातू, तीन पिढ्या.

मी राहते बर्नबीत, डिअर लेकच्या जवळ. तळ्याभोवती फळ्यांची पायवाट आहे, संध्याकाळी बदकं, कुत्री फिरवणारी माणसं, पाण्यावर झुकलेली झाडं. वरच्या उतारावर आता छान टाउनहाऊसेस आहेत. तिथे आधी ओकाला नावाचा तुरुंग होता, १९९१ मध्ये बंद झाला, हे मला इथे राहायला येऊन बराच काळ लोटल्यावर कळलं. आणि मग हेही कळलं की १९२१ च्या डिसेंबरमध्ये व्हिलेज आयलंड नावाच्या बेटावर याच समाजातल्या डॅन क्रॅनमर यांनी मोठा पॉटलॅच केला, विल्यम हॅलिडे नावाच्या सरकारी एजंटने कारवाई केली, पंचेचाळीस जणांवर खटले भरले आणि त्यातल्या वीसेक स्त्रीपुरुषांना इथे, माझ्या फिरायच्या रस्त्याच्या डोक्यावर, आणून डांबलं. आरोप काय होते? भाषण करणं. नाचणं. वाटायच्या वस्तू मांडून ठेवणं. भेटवस्तू उचलून पाहुण्यांपर्यंत नेणं. मी ही यादी मराठीत कितीही वेळा लिहून बघितली तरी ती आपल्याकडच्या कुठल्याही लग्नाच्या मांडवाची यादी वाटते. ज्यांनी मुखवटे, ड्रम, तांब्याच्या मोठ्या ढाली असलं सगळं सरकारजमा करायचं कबूल केलं त्यांना सोडलं. ते सामान अलर्ट बे गावातल्या चर्चच्या हॉलमध्ये मांडून ठेवलं, बरंचसं ओटावा आणि टोरंटोच्या म्युझियमना गेलं, काही न्यू यॉर्कच्या एका श्रीमंत संग्राहकाने विकत घेतलं.

मुखवटे जप्त करता आले, गाणी कशी करणार.

बंदीच्या काळात लोक लांबच्या बेटांवरच्या गावांत, भर हिवाळ्यात, समुद्र इतका खवळलेला असताना जमायचे की पोलिसांची बोट यायची हिंमत करणार नाही. काही वेळा ख्रिसमसच्या भेटी म्हणून वाटप व्हायचं, नाताळात भेटी दिल्या तर कोण काय बोलणार. अशा रात्री ती गाणी म्हटली गेली, आणि म्हणून ती राहिली. हे मी आधी लिहितेय कारण रेकॉर्डिंगची गोष्ट सांगायला लागलं की ही माणसं मागे पडतात आणि मशीनवाले पुढे येतात. ज्यांनी तुरुंगाची भीती असताना म्हटलं ते पहिले जपणारे.

आता मशीनवाले. १८९३ मध्ये शिकागोला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं, आपल्याला ते वर्ष विवेकानंदांच्या भाषणामुळे पाठ आहे. त्याच प्रदर्शनात क्वाक्वाक्यवाक्व लोकांचा एक गट नेला होता, त्यांना नेणारा जॉर्ज हंट, त्यांच्याच फोर्ट रुपर्ट गावात वाढलेला, आई ट्लिंगिट, बाप इंग्रज, बायको क्वाक्वाक्यवाक्व. ज्या नाचगाण्यांवर घरी बंदी तीच शिकागोत हजारो प्रेक्षकांसमोर चालू होती. तिथे मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस आणि संगीतकार जॉन फिलमोर यांनी मेणाच्या सिलिंडरवर त्यांची गाणी घेतली, बेंजामिन गिलमन यांनीही घेतली. हा सिलिंडर साधारण आपल्या पाण्याच्या ग्लासाएवढा, पोकळ, तपकिरी. कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गायचं, आवाजाने पडदा थरथरतो, त्याला जोडलेली सुई फिरत्या मेणावर खाच कोरते. दोन-तीन मिनिटांत मेण संपतं. वाजवून बघायचं तर त्याच खाचेतून सुई परत फिरणार आणि दर वेळी खाच थोडी झिजणार, म्हणजे ऐकलं की थोडं पुसलं. शिवाय बुरशी लागते, तडे जातात. एका मोठ्या घरात शेकोटीभोवती रात्रभर चालणारा विधी, त्यातलं गाणं तोडून, बसल्या खोलीत, एका कर्ण्यात, मेण संपेपर्यंत.

मी असा एक डिजिटल केलेला आवाज हेडफोन लावून ऐकला. आधी नुसतं तळणीसारखं चरचरणं, त्याखाली एक ठराविक फेऱ्याने येणारा ठक ठक आवाज, तो सिलिंडरच्या फिरण्याचा. मी कान देऊन बसले तेव्हा कुठे त्या चरचरीच्या मागून एक माणूस आला. आवाज जाडसर, छातीतून, आत्मविश्वासाने भरलेला, कुठे बिचकणं नाही. ठेका लाकडावर धरलेला असावा, पण गळा आणि ठेका एका पावलाने चालत नाहीत, गळा थोडा पुढेमागे, सारखा चकवतो, आणि तरी दोघं बरोबर आहेत हे कळतं. मी तालात वाढलेली बाई, समेची वाट बघायची सवय, इथे सम शोधायचीच नाहीये हे पटायला वेळ लागला. आणि मग गाणं मध्येच तुटलं. मेण संपलं असणार.

फिलमोर यांच्या डोक्यात असं पक्कं बसलं होतं की जगातल्या सगळ्या गाण्यांच्या मुळाशी पाश्चात्य हार्मनी लपलेली असते, गाणाऱ्याला ती माहीत नसली तरी. त्यामुळे त्यांनी स्वरलिपी केली ती त्या चष्म्यातून. बोआस यांचं तसं नव्हतं, त्यांना ठेका आणि गळा यांचं ते वेगळं चालणं फार आधी लक्षात आलं होतं. त्यांनी हंटना क्वाक्वाला, म्हणजे क्वाक्वाक्यवाक्व लोकांची भाषा, लिहायला शिकवली आणि हंट यांनी पुढची चाळीस वर्षं हजारो पानं लिहिली, गाण्यांचे शब्द, विधी, पाककृती, वंशावळी. पुस्तकांवर नाव मुख्यतः बोआस यांचं. १९३० च्या हिवाळ्यात बोआस सत्तरी उलटून गेलेली असताना परत फोर्ट रुपर्टला आले, या वेळी सिलिंडरबरोबर फिल्म कॅमेराही होता, पण फिल्म मुकी आणि आवाज वेगळा, दोन्ही जुळवणं त्यांना कधी जमलं नाही. नाच एका डब्यात आणि त्याचं गाणं दुसऱ्या डब्यात, अशी ती पडून राहिली.

पण माझा जीव गुंतलाय तो इडा हॅल्परनमध्ये. ज्यू बाई, व्हिएन्नाची, संगीतशास्त्रात शिकलेली, नाझींमुळे देश सोडावा लागला, शांघायमार्गे १९३९ मध्ये व्हँकुव्हरला पोचली. इथे आल्यावर तिला इथल्या मूळ लोकांचं संगीत ऐकायचं होतं आणि लोक तिला सांगत होते, त्यांच्याकडे कसलं आलंय संगीत. वर्षानुवर्षं ती लोकांचा विश्वास मिळवायचा प्रयत्न करत राहिली, आणि १९४७ मध्ये केप मजचे मुखिया बिली असू तिच्यासमोर गायला तयार झाले. तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. हे वर्ष नीट बघा. कायदा जायला अजून चार वर्षं होती. म्हणजे ज्या समारंभाची ती गाणी, तो करणं तेव्हाही गुन्हा होता, आणि हा म्हातारा माणूस एका परक्या, निर्वासित बाईसमोर बसून ती गाणी डिस्कवर कोरून ठेवत होता.

का दिली असतील त्यांनी? आपल्यानंतर ही गाणी आपल्याबरोबर जाणार हे त्यांना दिसत होतं. मुलं शिकायची कशी? अलर्ट बेला १९२९ मध्ये सेंट मायकल्स ही लाल विटांची प्रचंड निवासी शाळा उभी राहिली होती, किनाऱ्यावरच्या गावागावांतून मुलं उचलून तिथे ठेवायची, आणि तोंडून क्वाक्वाला शब्द निघाला की शिक्षा. गाणं शिकायचं वय असतं तेच सात-आठ ते पंधरा-सोळा. त्या वयाचं पोर घरातच नाही, आणि परत येतं तेव्हा त्याला आजोबांची भाषा कळत नाही. तेव्हा बिली असू यांच्यापुढे दोन वाटा होत्या, घराबाहेर न द्यायचा जुना दंडक पाळून गाणी बरोबर घेऊन जायची, नाहीतर दंडक मोडून ती एका मशीनच्या ताब्यात द्यायची, कुणीतरी आपलंच पुढे येऊन ऐकेल या भरवशावर. मी हा निर्णय सोपा मानायला तयार नाही. आमचे गुरुजी आठवतात, शेवटी शेवटी त्यांच्याकडेही शिकायला कुणी येत नव्हतं, तरी त्यांनी टेपरेकॉर्डर लावू दिला नाही तो नाहीच, आणि गेले. काय काय गेलं त्यांच्याबरोबर याचा हिशेब नाही. त्यामुळे असूंचा विचार केला की गळा भरून येतो.

हॅल्परन यांनी नंतर मंगो मार्टिन यांचीही गाणी घेतली. मंगो मार्टिन म्हणजे लाकडात कोरणारा फार मोठा कलाकार, आणि तितकाच मोठा गायक, गाणी रचणाराही. १९५१ मध्ये कायद्याचं नवं पुस्तक आलं, त्यात पॉटलॅचबंदीचं कलम नव्हतं, मोठेपणाने कुणी माफीबिफी मागितली नाही, कलम नुसतं गळलं. आणि १९५३ मध्ये मार्टिन यांनी व्हिक्टोरिया शहरात, प्रांताच्या राजधानीत, म्युझियमशेजारी आपलं मोठं घर बांधलं आणि तिथे उघडपणे, सगळ्यांना बोलावून, पॉटलॅच केला. हॅल्परन यांची रेकॉर्डिंग्ज पुढे १९६७ मध्ये आणि नंतरही एलपी म्हणून बाजारात आली. तिने त्याबरोबर जे लिहिलं त्यात एक मुद्दा ती हिरिरीने मांडते, की या गाण्यांतली जी अक्षरं बाहेरच्यांना नुसता हुंकार वाटतात ती भरतीची नाहीत, ती विधीशी बांधलेली आहेत. जे लोक यात संगीतच नाही म्हणत होते त्यांच्यासमोर तिने हे म्हणणं, याचं मोल आहेच. पण एलपी दुकानात आली म्हणजे एका घराचं गाणं कुणीही विकत घेऊ शकत होतं, आणि हे मला बोचतं. दोन्ही एकत्र वाटतं मला, कृतज्ञताही आणि ही बोचही.

उन्हाळ्यात अलर्ट बेला गेलो होतो आम्ही. पोर्ट मॅकनीलहून फेरी, हवेत गारवा, पाण्यावर धुकं रेंगाळलेलं, केल्प या समुद्री शेवाळाचा खारट वास. सेंट मायकल्सची इमारत आता नाही, २०१५ मध्ये पाडली, मोकळी जागा आहे. तिच्या शेजारीच उमिस्टा कल्चरल सेंटर, १९८० मध्ये उघडलेलं. जप्त केलेलं सामान म्युझियमकडून परत मागून आणलं ते काही इथे आणि काही केप मजला ठेवलंय. आत गेल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती म्हणजे त्या मुखवट्यांवर काच नाही. बराच काळ कुलपात होते ते, आता नकोत कोंडायला, असा विचार करून ते उघडे मांडलेत, आणि समारंभात ज्या क्रमाने बाहेर येतात साधारण त्या क्रमाने. डॅन क्रॅनमर यांची मुलगी ग्लोरिया क्रॅनमर वेबस्टर या इथल्या पहिल्या क्युरेटर. तिच्या वडिलांच्या समारंभातून उचललेलं सामान तिने परत मांडलं.

त्या दिवशी बिग हाउसमध्ये, म्हणजे समारंभाच्या मोठ्या घरात, पाहुण्यांसाठी नाच होता. हे घर १९९७ मध्ये कुणीतरी जाळलं, दोन वर्षांत लोकांनी परत उभं केलं. आत मातीची जमीन, मध्ये शेकोटी, सीडरच्या धुराने डोळे चुरचुरतात, आणि अंधाराला सरावल्यावर कोरलेले ते अजस्र खांब दिसायला लागतात. मागच्या टोकाला एक लांबलचक पोकळ ओंडका आडवा ठेवलेला, त्याच्याभोवती गायक बसतात, हातात जाड काठ्या. सगळ्यांनी एकदम काठ्या मारल्या तेव्हा आवाज कानाच्या आधी बाकड्यातून आला. मेणाच्या सिलिंडरवर जे नुसतं टकटक ऐकू आलं होतं ते हे होतं! आणि एक गोष्ट रेकॉर्डिंगमध्ये मला कधी कळली नसती. गायकांत एकजण पुढच्या ओळीचे शब्द आधी भराभर सांगतो, चालू गाण्याच्या वरून, आणि मग बाकीचे ती ओळ उचलतात. परंपरेने हे स्वतंत्र काम आहे, सगळ्या घरांच्या गाण्यांचे शब्द डोक्यात ठेवणाऱ्या माणसाचं. सिलिंडर ऐकताना कुणी असं मध्येच बोललं तर मी तो व्यत्यय समजले असते. शेकोटीभोवती लहान मुलं नाचत होती, खांद्यावर बटणांची नक्षी असलेली ब्लँकेट्स, एका पोराचं सारखं लक्ष आपल्या आजीकडे, हात बरोबर पडतायत ना ते बघायला, आणि आजी बसल्या जागी हाताने दाखवत होती, असं नाही, असं.

आता जुन्या रेकॉर्डिंग्जच्या प्रती या गावांकडे परत आल्यात. काही जण त्या ऐकून गाणी परत शिकतात, पण ऐकून लगेच म्हणत नाहीत. आधी शोध घ्यावा लागतो, हा आवाज कुणाचा, हे गाणं त्याचं स्वतःचं की दुसऱ्याचं, आज हक्क कुणाकडे, त्या घरात कुणाला विचारायचं. क्वाक्वाला सहज बोलणारी म्हातारी माणसं थोडीच उरलीत, त्यांच्यासोबत बसून चरचरीतून शब्द सोडवायचे. आणि इथे मशीनवाल्यांनी केलेली कसूर नडते. डब्यावर 'क्वाकिउटल गाणं, शिकागो' (क्वाकिउटल हे या लोकांना बाहेरच्यांनी दिलेलं जुनं नाव) एवढंच लिहिलं असेल तर काय करायचं? सूर हातात आहेत आणि मालक सापडत नाही. ज्या नोंदींना नाव आहे, गाव आहे, कुणाकडून मिळालं ते आहे, तेवढंच गाणं घरी परत जाऊ शकतं, बाकीचं नुसता आवाज म्हणून ऐकायचं. त्या तरुण गायकाने आधी ती सगळी नावं का घेतली हे मला इथे येऊन पटलं. तो गाण्याचाच भाग म्हणत होता, फोनने तो घेतला असता आणि पुढे क्लिप फिरताना पहिल्यांदा तोच कापला गेला असता.

म्हणून मला वाटतं ज्या ज्या संग्रहालयात असे डबे आहेत तिथे आधी पैसा आणि माणसं या कामावर लावावीत. चरचर कमी करायची सॉफ्टवेअरं नंतर. गावातल्या लोकांना प्रवासखर्च देऊन बोलवावं, हवा तेवढा वेळ बसू द्यावं, आणि एखाद्या घराने सांगितलं की हे गाणं इंटरनेटवरून काढा तर वाद न घालता काढावं. माझ्याकडे हॅल्परन यांच्या एलपीतली काही गाणी फोनवर ऐकता येतात, स्ट्रीमिंगला आहेत. बिली असू यांचा आवाज ऐकते मी कधीकधी, डिअर लेकला फिरताना मात्र लावत नाही. माझी मुलगी विचारते, म्हणून दाखव ना. मी तिला गाणाऱ्याचं नाव सांगते, गाव सांगते, तिथे कसं जायचं ते सांगते. यमनमधली बंदिश म्हणून दाखवते, ती मला गुरुजींनी दिलेली आहे.